नकाशा मालिकेच्या कसोटीवर टपाल तिकिटांची संकेतस्थळे

टपाल तिकिटांच्या संग्राहकांना उपयोगी पडतील अशी संकेतस्थळे आणि संगणकीय साधने आज पुष्कळ असली, तरी त्यांची पारख सोप्या तिकिटावर करून उपयोग नाही. म्हणून या परीक्षणासाठी मी स्वतंत्र भारताची एक साधीशीच मालिका निवडली. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान चलन आले आणि त्याबरोबर भारताच्या नकाशाचे चित्र असलेली ‘नये पैसे’ किमतींची तिकिटे निघाली. ती आरंभी तारकांचा वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकट खूण) असलेल्या कागदावर छापली गेली. 1958 पासून तेच चित्र अशोकस्तंभशीर्षाच्या वॉटरमार्कच्या कागदावर आले. समोरून पाहिल्यास या दोन मालिकांमधील तिकिटे सारखीच दिसतात, परंतु संग्रहात ती दोन वेगळी तिकिटे असतात. एखादे साधन हा फरक कुठवर ओळखू देते, यावर मी त्याचे मोल ठरवले आहे.

सर्वांत अधिक वेळ द्यावा असे संकेतस्थळ म्हणजे कोलनेक्ट. टेलिफोन कार्डांच्या सूचीपासून सुरू झालेले हे स्थळ आता नाणी, नोटा, तिकिटे अशा अनेक छंदांची सूची झाले आहे. देश, वर्ष, मालिका, विषय, दर्शनी किंमत, रंग अशा चाळण्या एकामागून एक लावता येतात. एखाद्या नोंदीत मिशेल, स्टॅनले गिबन्स, स्कॉट आणि इव्हेर या सूचींचे क्रमांक शेजारी शेजारी मिळतात. ज्याच्याकडे महागड्या छापील सूची नाहीत अशा संग्राहकाची ही मोठी सोय आहे, कारण परदेशातील विक्रेता एका सूचीचा क्रमांक सांगतो आणि आपला मित्र दुसऱ्या सूचीचा. ‘माझ्याकडे आहे’, ‘हवे आहे’ आणि ‘देण्यासाठी आहे’ अशा तीन याद्या केल्या, की ज्याच्याशी देवाणघेवाण जमेल असा सदस्य स्थळच सुचवते. मूलभूत वापर विनामूल्य असून काही जादा सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. सामान्य संग्रहाला ती लागू नये, असे माझे मत आहे.

या स्थळाची मर्यादाही त्याच्या रचनेतच आहे. नोंदी स्वयंसेवक भरतात, त्यामुळे काही देशांची पाने अत्यंत नेटकी, तर काहींची विस्कळीत आहेत. वॉटरमार्क आणि दात्यांचे (तिकिटाच्या छिद्रित कडेचे) माप यांसाठी रकाने आहेत, पण चित्र तिकिटाच्या दर्शनी बाजूचे असते. नकाशा मालिकेतले तिकीट हाती असेल, तर तारका की अशोकस्तंभ हे आपणच पाठीमागून पाहून ठरवायचे आणि मग योग्य नोंद निवडायची. मराठी नावांच्या बाबतीत रोमन लिपीतील निरनिराळी वर्णलेखने वापरून पाहावीत; 1997 चे संत ज्ञानेश्वरांचे तिकीट नावाने सापडले नाही, तर वर्षाच्या चाळणीने निश्चित सापडते.

मोबाइलवर तिकिटाचे छायाचित्र काढताच नाव आणि किंमत सांगणारी ॲप्स मात्र मला मुळीच पटली नाहीत. त्यांपैकी एकाने (नाव घेत नाही) नकाशा मालिकेतील शिक्का बसलेल्या अगदी सामान्य तिकिटाची जी किंमत दाखवली, ती पाहून विक्रेता हसला असता. चित्र ओळखणे एवढेच काम असेल, तर गूगल लेन्स पुरेसे आहे. किमतीसाठी ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही चाळणी लावून प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत. विक्रेत्याने मागितलेली रक्कम आणि गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम यांत बरेच अंतर असते.

2002 पासूनच्या परदेशी तिकिटांसाठी डब्ल्यूएनएस ही अधिकृत नोंदवही आहे. जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने चालणाऱ्या या स्थळावर सहभागी टपाल खाती आपण खरोखर काढलेली तिकिटे क्रमांकासह नोंदवतात. क्रिकेटपटू, रेल्वे, फुलपाखरे अशा विषयांवर संग्रह करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी येथे पाहावे, कारण याच विषयांवर टपाल खात्याचा संबंध नसलेली बनावट तिकिटे बाजारात फार फिरतात. सर्वच देश सहभागी नसल्याने, एखादे तिकीट येथे दिसत नाही एवढ्यावरून ते खोटे ठरवू नये.

मला सर्वांत आवडलेले साधन म्हणजे युटा विद्यापीठाशी संबंधित रेट्रोरिव्हील. हे विनामूल्य संकेतस्थळ आपण दिलेल्या स्कॅनचे रंग निरनिराळ्या पद्धतींनी विलग करून त्याच प्रतिमेची अनेक रूपे समोर मांडते. गडद रंगाच्या तिकिटावरील अस्पष्ट शिक्क्याचे गाव एखाद्या रूपात वाचता येऊ लागते. शाईची खूण धुऊन ‘कोरे’ म्हणून विकायला काढलेल्या तिकिटावरील ती खूणही कधी कधी उघडी पडते. वॉटरमार्कच्या बाबतीत मात्र हे साधन क्वचितच मदत करते आणि नकाशा मालिकेसाठी शेवटी वॉटरमार्क द्रव (ज्यात भिजवल्यावर कागदातील खूण दिसते) आणि काळी ताटली हीच जुनी सामग्री काढावी लागते.

दाते मोजण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. दात्यांचे माप म्हणजे दोन सेंटिमीटरमधील छिद्रांची संख्या. 600 डीपीआयवर (एका इंचात 600 ठिपके) स्कॅन केल्यास दोन सेंटिमीटर म्हणजे सुमारे 472 पिक्सेल होतात, आणि इमेजजे या विनामूल्य कार्यक्रमात तेवढी रेघ आखून मोजणी करता येते. 1948 च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटासारख्या, नकला मुबलक असलेल्या तिकिटासाठी 1200 डीपीआय वापरावे. मूळ तिकीट स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए या छापखान्यात फोटोग्रॅव्हर (कोरलेल्या खोलगट सिलिंडरवरून होणारी छपाई) पद्धतीने छापलेले आहे आणि ऑफसेटवर (सपाट पत्र्यावरून रबराच्या आवरणामार्फत होणारी छपाई) केलेल्या नकलेतील ठिपक्यांची ठेवण त्याहून वेगळी दिसते. तरीही एवढ्या मोलाचे तिकीट तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राविना घेऊ नये.

या साऱ्यासाठी चांगला सपाट स्कॅनर हवा. मोबाइलच्या छायाचित्रात कडा वाकतात, त्यामुळे मापन चुकते. तिकिटामागे काळा कागद ठेवावा म्हणजे दाते स्पष्ट उमटतात, स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करावी आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात जपावी, कारण जेपेगच्या दाबणीत छपाईचे बारीक ठिपके पुसट होतात.