जुना चेन-लोडर गिअर टाकताना झटका मारतो: ऑइल बदलायचं, व्हॉल्व्ह खोलायचा की गिअरबॉक्स उतरवायचा?

इंजिन ठणठणीत आहे, चेन अजून दोन-तीन वर्षं निघेल. पण फॉरवर्डवरून रिव्हर्सला टाकलं की सीटवरचा माणूस पुढे आदळतो आणि खालून ‘धाड्’ असा आवाज येतो. अशा वेळी तीन माणसं तीन सल्ले देतात. एक म्हणतो, ऑइल बदला. दुसरा म्हणतो, व्हॉल्व्ह खोला. तिसरा म्हणतो, गिअरबॉक्स गेला, उतरवा. तिघांचंही कुठल्या ना कुठल्या मशीनवर खरं ठरलेलं असतं, त्यामुळे कोणी मागे हटत नाही.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत पुढे देणारा) आणि पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (ऑइलच्या प्रेशरने क्लच धरून गिअर बदलणारा) असलेल्या मशीनबद्दल आहे, म्हणजे कॅटरपिलर ९५५एल, ९७७एल यांच्या पिढीचे लोडर. त्यानंतरचे ९५३, ९६३ हायड्रोस्टॅटिक, म्हणजे ऑइलच्या पंप-मोटरवर चालणारे आहेत. त्यांत असे गिअर आणि क्लच नसतात, तिथल्या झटक्याची कारणं वेगळी.

आधी झटक्याची जात ओळखा. सगळ्या गिअरमध्ये, पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच बसतो का? मग बिघाड सगळ्यांना सामाईक अशा ठिकाणी आहे: ऑइल, प्रेशर, मॉड्युलेशन व्हॉल्व्ह (क्लचवरचं प्रेशर हळूहळू चढवणारा), नाहीतर वाढवून ठेवलेला आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग. फक्त एकाच गिअरला किंवा एकाच दिशेला बसत असेल, तर संशय त्या क्लचवर, त्याच्या पिस्टनच्या सीलवर. गिअर टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग झटका बसतो, ही तिसरी जात. इथे क्लच भरायला उशीर होतो, तेवढ्यात ऑपरेटर रेस वाढवतो, आणि मग क्लच धरतो तो दणक्यानेच. अशा वेळी ऑइलची पातळी, सक्शनकडून (पंप ऑइल ओढतो त्या बाजूने) शिरणारी हवा, ऑइल गाळणारी तुंबलेली जाळी किंवा गळका सील यांतलं काहीतरी सापडतं.

आणि हो, ड्राइव्हशाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग आधी हाताने हलवून बघा. क्रॉस ढिला असला तर चांगला गिअरबॉक्ससुद्धा झटका मारतोय असंच वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

ऑइल, फिल्टर आणि जाळी

सगळ्यात कमी खर्चाचा उपाय, आणि तसाही करावाच लागतो. पण याने झटका जाईल अशी आशा कधी धरायची? झटका थंड मशीनला जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर. किंवा आधीच्या मालकाने नेमकं कोणतं ऑइल भरलंय हेच कळत नसेल तर. या गिअरबॉक्सना क्लचप्लेटची पकड सांभाळणारं ऑइल लागतं. कॅटरपिलरने १९९१ मध्ये टीओ-४ हा दर्जा आणला, त्याआधी टीओ-२ होता. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारं द्रव्य मिसळलेलं गाडीचं इंजिन ऑइल इथे भरलं, तर प्लेटा घसरायला लागतात.

याचा खरा फायदा दुसराच आहे. ऑइल काढताना चुंबक आणि जाळी समोर येते. काळपट, पिठासारखा लोखंडी कीस थोडा असणारच. पितळी रंगाचे चकचकीत कण म्हणजे क्लचप्लेट झिजते आहे. रबराचे तुकडे म्हणजे सील गेलं. पत्र्यासारखे चपटे तुकडे सापडले तर मशीन बंद ठेवा. अशा वेळी ऑइल बदलून पाहणं म्हणजे नुसता वेळ दवडणं.

मॉड्युलेशन व्हॉल्व्ह

‘झटका बसतो, पण घसरत मात्र नाही’ अशी तक्रार असेल तर माझा कौल इकडे.

गिअर टाकल्यावर क्लचवरचं प्रेशर एकदम पूर्ण चढू नये म्हणून या व्हॉल्व्हमध्ये एक लोड पिस्टन असतो. ऑइल बारीक भोकातून त्याच्यामागे हळूहळू भरतं, पिस्टन स्प्रिंग दाबत जातो, आणि प्रेशर कमीपासून पूर्णापर्यंत चढत जातं. पुढचा गिअर टाकला की पिस्टनमागचं ऑइल निचरतं आणि पुन्हा खालून सुरुवात होते. पिस्टन वरच चिकटून राहिला किंवा ऑइल निचरलंच नाही, तर पुढचा क्लच पहिल्या क्षणालाच पूर्ण प्रेशरने धरतो. धाड्.

गंमत म्हणजे त्याच भोकाचे दोन उलटे रोग. भोक मोठं झालं किंवा ते भोक असलेला प्लग परत बसवायचाच राहिला, तर झटका. भोक तुंबलं तर प्रेशर चढतच नाही आणि गिअर घसरतो. म्हणून त्यात तार घालून ‘साफ’ करू नका, हवेने फुंका. गॅस्केटवर सिलिकॉनही थापू नका; त्याची एक शेपटी सुटून आत गेली तरी तेच भोक बुजतं.

एकदा खोललेल्या व्हॉल्व्हमध्ये पिस्टनवर फिकट तपकिरी लाखेसारखा थर बसलेला होता. बोटाने ढकलला तर अडत अडत सरकायचा. बारीक पॉलिश पेपर डिझेलमध्ये भिजवून हलक्या हाताने फिरवला, फक्त थर निघेपर्यंत. नंतर बॉडी तिरकी केली की पिस्टन आपल्याच वजनाने खाली उतरायला लागला. हीच परीक्षा. मात्र स्पूलच्या (व्हॉल्व्हमध्ये सरकणाऱ्या दांड्याच्या) कडा गोल होता कामा नयेत, त्या धारदारच हव्यात. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून बघा, शिम (स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या) जेवढे निघाले तेवढेच परत घाला. ‘जरा प्रेशर वाढवू’ म्हणून एक शिम जास्त घातला की झटका आणखी वाढतो.

हे काम बहुतेक मशीनवर गिअरबॉक्स जागेवर ठेवूनच होतं. फ्लोअरप्लेट काढावी लागते, जागा अडचणीची असते. तरी ओव्हरहॉलशी तुलनाच नको.

गिअरबॉक्स उतरवणं

इथे निर्णय गेजने घ्यायचा, कानाने नाही. बकेट जमिनीवर, ब्रेक लावलेले, ऑइल कामाच्या तापमानाला, गेजची नळी लांब, खाली कोणी नाही. प्रत्येक गिअरला आणि दोन्ही दिशांना प्रेशर घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडा. सगळीकडे सारखंच जास्त असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये. सगळीकडे कमी असेल तर पंप, सक्शन किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा). बाकी सगळं ठीक आणि एकाच क्लचला प्रेशर कमी पडत असेल, शिवाय जाळीत पितळी कण असतील, तर मात्र उतरवण्याला पर्याय नाही.

उतरवलाच तर अर्धवट करू नका. एकच क्लच बदलून बाकीच्यांचे सील तसेच ठेवले की काही महिन्यांत क्रेन पुन्हा बोलवावी लागते. कन्व्हर्टर आणि ऑइल कूलरही धुवून घ्या. कूलरच्या नळ्यांत अडकलेला चुरा नव्या प्लेटांत परत जातो, आणि दोष मात्र फिटरच्या माथी येतो.

दुसऱ्या मशीनचा जुना गिअरबॉक्स विकत घेऊन बसवणं हा मधला मार्ग वाटतो. मला तो फारसा आवडत नाही, कारण आपल्या बॉक्सचा रोग निदान आपल्याला माहीत असतो. घ्यायचाच तर पार्ट नंबर जुळवा आणि पैसे देण्याआधी त्याची जाळी काढून बघा. विकणारा जाळी काढू देत नसेल तर परत फिरा.

काहीच न करणं

हाही पर्याय आहे. मशीन महिन्यातून चार दिवस चालत असेल तर ऑपरेटरला एवढंच सांगा: दिशा बदलताना डिसेलरेटर (रेस कमी करणारं पेडल) दाब, रेस उतरू दे, मशीन थांबत आलं की मगच गिअर टाक. निम्मा झटका तिथेच मरतो. पण रोज दहा तास ट्रक भरणाऱ्या मशीनवर हे चालत नाही. तिथे तासाला कितीतरी वेळा दिशा बदलते, आणि प्रत्येक दणका क्रॉस, बेव्हल गिअर आणि फायनल ड्राइव्हचे दात खातो. अशा मशीनवर या आठवड्यात गेज लावा, आणि रीडिंग हातात येईपर्यंत गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नका.