नोड-रेडवर दूध संस्थेची वेब सर्व्हिस : वर्षभराच्या वापरानंतर

सकाळचं संकलन ऐन भरात असताना लाईट गेली, दोन मिनिटांत आली, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आपोआप चालू झाला आणि पुढच्या उत्पादकाच्या हातात एक नंबरची पावती पडली. त्याआधी शंभराच्या वर पावत्या निघून गेल्या होत्या. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर सगळं बरोबर होतं, फक्त क्रमांक मागे गेला होता. ज्यांनी दूध संस्थेत काम केलंय त्यांना हे किती गंभीर आहे ते सांगायला नको. एकाच दिवशी एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या की दहा दिवसांच्या बिलाला सभासद पावती घेऊन काउंटरसमोर उभा राहतो, आणि त्याचा जाब विचारायचा हक्कच आहे.

नोड-रेड म्हणजे नोड नावाचे चौकोन तारांनी जोडून प्रोग्रॅम बनवायचं टूल. नोड ओढून तारा कशा जोडायच्या, हे इथे सांगत बसत नाही. आमचा सेटअप साधा आहे. वजनकाटा आणि मिल्क अॅनालायझर सिरियल पोर्टने पायला जोडलेले. काउंटरवरचा टॅब एचटीटीपी इन नोडला (वेबवरची विनंती घेणारा नोड) विनंती पाठवतो, फ्लो म्हणजे जोडलेल्या नोडांची साखळी दर काढते, नोंद करते आणि एचटीटीपी रिस्पॉन्स या उत्तर देणाऱ्या नोडमधून पावती परत देते. सभासदाला मोबाईलवर बिल दिसतं तीही याच फ्लोमधली दुसरी सर्व्हिस.

पैशाचं आधी सांगतो, कारण माझा निर्णय पैशावरच झाला. याआधी एक पैसे भरून वापरायचं व्हिज्युअल टूल होतं. तिथे प्रत्येक पायरीचे वेगळे पैसे लागायचे : वजन वाचलं एक, दर काढला एक, नोंद केली एक, मेसेज गेला एक. दोनशेच्या आसपास उत्पादक, दिवसातून दोन वेळा दूध. महिन्याचं बिल बघून अध्यक्षांनी विचारलं, ‘दूध आम्ही घालायचं आणि लोणी त्यांनी खायचं का?’ नोड-रेड अपाची परवान्याखाली मोफत आहे. २०१३ साली आयबीएममधल्या निक ओलिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ते सुरू केलं, आता ते ओपनजेएस फाउंडेशनकडे आहे. तेव्हा उद्या अचानक कुणी भाडं मागेल ही भीती नाही. संस्थेचा पैसा म्हणजे शेतकऱ्याच्या लिटरमागचा पैसा, म्हणून या एका गोष्टीला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गुण देतो.

आता पावती क्रमांकाचं. क्रमांक फ्लो कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे फ्लोने मूल्यं लक्षात ठेवायच्या जागेत होता. काउंटर करायची ही सगळ्यात सोपी रीत. पण इन्स्टॉल केल्याबरोबर जो कॉन्टेक्स्ट मिळतो तो फक्त मेमरीत असतो. नोड-रेड बंद पडलं की गेला. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या टूलचा सगळा भर ‘काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं’ यावर आहे. दूध कुठून आलं, दर कुठे लागला, उत्तर कुठून गेलं, सगळं तारांमधून दिसतं. मग नेमकी एवढीच गोष्ट का दिसू नये, की हा आकडा लाईट गेल्यावर राहणार आहे की जाणार आहे? मूल्य बदलणाऱ्या चेंज नोडवर एखादी खूण, एखादा रंग, काहीही चाललं असतं. साइडबारमध्ये कॉन्टेक्स्टचा टॅब आहे, पण तिथे जाऊन रिफ्रेश दाबावं लागतं, आणि नोड मांडलेल्या कॅनव्हासवर नजर असणारा माणूस तिकडे जात नाही. ज्या तालुक्यात रोज लाईट जाते तिथे ही बाब दुय्यम नाही. वर्षभरात मी याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वैतागलो आहे.

उपाय म्हणून सेटिंग्जच्या फाईलमध्ये लोकल फाइलसिस्टिमचा, म्हणजे मूल्यं फाईलमध्ये ठेवणारा कॉन्टेक्स्ट चालू केला. वाटलं, संपलं. मग वाचताना कळलं की ही फाईलसुद्धा लगेच लिहिली जात नाही. मूल्य आधी मेमरीतच ठेवतात आणि दर तीस सेकंदांनी डिस्कवर उतरवतात. पायच्या मेमरी कार्डवर सारखं लिहून ते खराब होऊ नये, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. पण आमच्याकडे तीस सेकंदांत गर्दीच्या वेळी दोन उत्पादक पुढे जातात. मेमरीतली ही साठवण (कॅश) बंद करता येते, पण मग फंक्शन नोडमध्ये मूल्य सरळ मागता येत नाही, कॉलबॅक (मूल्य आल्यावर चालणारा कोड) लिहावा लागतो. चित्र काढायच्या टूलमध्ये येऊन परत कॉलबॅक लिहायचे, हे मला काही रुचलं नाही.

शेवटी क्रमांक द्यायचं काम एसक्यूलाइट या डेटाबेसकडे दिलं. नोंद टेबलात पक्की बसली तरच क्रमांक मिळतो, आणि तोच पावतीवर छापला जातो. त्यानंतर लाईट कितीदा गेली ते मोजलं नाही, पण क्रमांक एकदाही मागे आलेला नाही. त्यामुळे सुरुवातीला ‘हे टूल दूध संस्थेसाठी नाही’ असं जे माझं मत झालं होतं, ते आज राहिलेलं नाही. कॉन्टेक्स्ट हा टिपणाचा कागद समजायचा, किर्द समजायची नाही. पैशाशी संबंध असलेला आकडा डेटाबेसमध्येच.

मत बदलायला आणखी एक कारण घडलं, आणि ते मला मनापासून आवडलं. दूध संघाचं नवं दरपत्रक आलं होतं. गाईला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ आणि म्हशीला ६.० फॅट, ९.० एसएनएफ हा पाया धरून वर-खाली दर. माझ्या भाच्याने स्विच नोडमध्ये (नियमाप्रमाणे मेसेज वेगवेगळ्या वाटांनी पाठवणारा नोड) नियम भरले होते, बदल लागू करायचं डिप्लॉय बटण अजून दाबलं नव्हतं. संस्थेचे सचिव अण्णा चहा घेत मागे उभे होते. त्यांनी आयुष्यात कोड बघितलेला नाही. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, ‘सहाच्या वर इकडं, पाच पॉइंट नऊच्या खाली तिकडं. मग बरोबर पाच पॉइंट नऊचं म्हशीचं दूध कुणीकडं जाणार ओ?’

कुणीकडेच जाणार नव्हतं. स्विचच्या एकाही नियमात न बसणारा मेसेज गुपचूप तिथेच संपतो. एरर येत नाही, चुका पकडणाऱ्या कॅच नोडलाही काही कळत नाही. एचटीटीपी रिस्पॉन्सपर्यंत काही पोचलंच नाही म्हणून टॅबवर चक्र फिरत राहिलं असतं आणि मागे कॅन घेतलेली माणसं खोळंबली असती. हेच नियम कोडच्या तीनशे ओळींत असते तर अण्णांना ते कधीच दिसले नसते. ज्याला धंदा कळतो त्याला प्रोग्रॅम वाचता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. आता प्रत्येक स्विचला शेवटी ‘अदरवाइज’ची वाट असतेच, आणि ती सरळ ‘दर सापडला नाही’ असं उत्तर देते.

बाकीचं थोडक्यात. नव्या इन्स्टॉलवर एडिटरला पासवर्ड नसतो. १८८० पोर्ट उघडा ठेवला तर वायफायवरचा कुणीही दर बदलू शकेल, म्हणून अॅडमिन ऑथ, म्हणजे एडिटरचा पासवर्ड, पहिल्या दिवशीच लावा. सर्व्हिससाठीचा पासवर्ड वेगळा लावावा लागतो, एकाने दोन्ही भागत नाही. फंक्शन नोडमध्ये नवा ऑब्जेक्ट बनवून परत दिला की रिस्पॉन्स हरवतो, जुन्याच मेसेजमध्ये पेलोड (आतला मजकूर) बदलायचा. गिट या बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये फ्लोची फाईल वाचणं त्रासाचं आहे : नोड नुसता बाजूला सरकवला तरी त्याच्या जागेचे आकडे बदललेले दिसतात. दर बदलला की नोड हलला हे शोधत बसावं लागतं, म्हणून दर बदलायच्या दिवशी कुणी मांडणीला हात लावायचा नाही असा नियम केलाय.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या संस्थेत हेच बसवतोय. त्यांनी कोटेशन मागितलं, त्यात सॉफ्टवेअरच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि वाचलेल्या पैशात पायला छोटा यूपीएस आणि कार्डाऐवजी एसएसडी धरली. नवं दरपत्रक टाकायच्या आधी स्क्रीन सचिवांना दाखवायची, हेही त्याच कोटेशनमध्ये अट म्हणून घातलंय.