पिवळी किटली आणि माझे 1,19,262 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायचा मोह नको. 1,19,262, परदेशातल्या एका खोट्या फ्लॅटच्या भाड्यापायी गेलेले. त्यात दोन वेळचं बँकेचं कमिशन आलं, आणि पैसे परत मागवायच्या अर्जाचे 590 रुपयेही आले. परत काहीच आलं नाही, पण अर्जाचे पैसे मात्र कापले.

मी काही पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस नाही. 2017-18 मध्ये सव्वा वर्ष स्वीडनला ऑनसाइट होतो. क्रॉस-कंट्री स्कीइंगचं खूळ तिथेच डोक्यात शिरलं. मार्चच्या पहिल्या रविवारी 90 किलोमीटरची वासालोपेट शर्यत असते, तेव्हा अर्धा देश सकाळपासून टीव्हीसमोर बसतो. मीही बसलो, आणि अडकलो. इथे लोकांना वाटतं स्कीइंग म्हणजे उतारावरून घसरणं. अहो, यात चढ असतात, आणि नॉर्वेचा स्कीपटू क्लेबो ते चढ पायात स्की घालून अक्षरशः पळत चढतो. 2025 ची नॉर्डिक स्कीइंगची जागतिक स्पर्धा त्याच्याच गावात, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला, 26 फेब्रुवारी ते 9 मार्च. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, आता नाही तर कधी?" ठरलं. गुरुवारची पुरुषांची रिले, शनिवारी पुरुषांचे 50 किलोमीटर, रविवारी बायकांचे 50. जागतिक स्पर्धेत बायका पहिल्यांदाच 50 पळणार होत्या.

तिकिटं अधिकृत काढली. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून विमानतळाजवळ स्त्योर्दाल नावाच्या गावात हॉटेल धरलं. पाच रात्रींचे 14,500 नॉर्वेजियन क्रोनर, कधीही रद्द करता येणारं. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग जानेवारीच्या शेवटी चाहत्यांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. ट्रॉन्डहाइमच्या ब्यूओसेन भागात दोन बेडरूमचा फ्लॅट, स्पर्धेच्या ग्रानोसेन ट्रॅकला चालत जाता येईल असा. लाकडी जमीन, मोठी खिडकी, ओट्यावर पिवळ्या रंगाची किटली. त्या किटलीचं मला काय एवढं कौतुक वाटलं, देव जाणे. पाच रात्रींचे 980 युरो. हॉटेलपेक्षा साधारण 26,000 रुपये स्वस्त. बाई मेसेजवर गोड बोलायच्या, नॉर्वेचा नंबर होता, आणि विश्वास बसावा म्हणून त्यांनी स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला. मीही माझा आणि मेव्हण्याचा पाठवला. हो, पाठवला. तो पासपोर्ट आता कुठे कुठे फिरत असेल याचा विचार मी रात्री करत नाही. अनोळखी घरमालकाला मेसेजवर पासपोर्टची प्रत पाठवायची नसते.

आता तो क्षण. तो मला आठवायचा नाही आणि विसरताही येत नाही.

3 फेब्रुवारी, बँकेची शाखा, परदेशी पैसे पाठवायचं काउंटर. ए-2 फॉर्म भरला, पॅन दिलं. काउंटरवरची मुलगी फार तर पंचवीस वर्षांची. तिने आयबॅन, म्हणजे बाईंच्या खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, टाइप केला, थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही नॉर्वे लिहिलंय, पण सिस्टीम लिथुआनिया दाखवतेय."

मी हसलो. हसलो! म्हटलं, "अहो, युरोपात सगळं एकच असतं. मी तिकडे राहून आलोय."

नॉर्वेच्या खात्याचा आयबॅन एन-ओ ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो. माझ्या हातातला एल-टी ने सुरू होत होता आणि वीस अक्षरांचा होता. नॉर्वेत युरो चालत नाही, क्रोनर चालतो. हे मला माहीत होतं, मी स्वतः क्रोनरमध्ये हॉटेल धरलं होतं. मग बाई युरो का मागतात? त्यावरही त्यांनी सांगायच्या आधी मीच उत्तर तयार केलं होतं: परदेशी पाहुण्यांसाठी सोय असेल. ती मुलगी आणखी एकदा म्हणाली, "एकदा कन्फर्म करून घेता का, सर?" मागे रांग होती, पार्किंगमध्ये गाडी आडवी लावली होती. मी म्हटलं, "टाका हो." 91.40 च्या भावाने 89,572 रुपये गेले, वर 885 कमिशन.

आठवड्याने बाई म्हणाल्या, अनामत 300 युरो, निघताना परत मिळतील. 27,330 रुपये, पुन्हा 885. त्याच संध्याकाळी मी हॉटेल रद्द केलं. फुकट रद्द होणारी खोली किल्ली हातात येईपर्यंत रद्द करू नका. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

कोणी म्हणेल, फोटो गूगलवर टाकून आधी कुठे आलाय का ते शोधायचा ना! शोधला असता तर सापडला असता. पण आपण शोधतो कधी? शंका आल्यावर. मला शंका नव्हती, मला अनुभव होता.

5 मार्चला रात्री नऊ वाजता आम्ही दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोहोचलो. पत्ता खरा होता. घर खरं होतं. दार उघडणारा तरुण बापही खरा, कडेवर मूल. आमच्याकडे पाहून त्याने मान हलवली. त्या आठवड्यात आलेले आम्ही दुसरे. त्याने ते घर आदल्या वर्षीच विकत घेतलं होतं, आणि फोटो होते त्या वेळच्या विक्रीच्या जाहिरातीतले. बिचाऱ्याने आत घेतलं, कॉफी दिली, फोन फिरवले. मी ओट्याकडे बघत होतो. किटली नव्हती.

शेवटी खोली मिळाली ती त्याच हॉटेलात, जे मी रद्द केलं होतं. आता भाव रात्रीला 3,950 क्रोनर. पाच रात्री, 19,750 क्रोनर, कार्डावर 1,64,900 च्या वर. हे वरच्या आकड्यात धरलेलं नाही. त्याला मी फसवणूक म्हणत नाही, तो माझा दंड.

गुरुवारी रिले. क्लेबोचं पाचवं सुवर्ण. तिकीट खिशात, आणि मी तिथल्या पोलीस ठाण्यात. अतिशय सभ्य माणसं. शांतपणे ऐकलं, टाइप केलं, कागद दिला. मग म्हणाले, खातं नॉर्वेतलं नाही, पैसेही नॉर्वेतून गेलेले नाहीत, तेव्हा भारतात तक्रार करा. पुण्यात आलो तर इथले म्हणाले, गुन्हा घडला नॉर्वेत, तक्रार तिथे करा. मी तिथला कागद पुढे केला. तो नॉर्वेजियनमध्ये होता, तेव्हा म्हणाले, भाषांतर आणा. भाषांतर आणलं, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीला एका हवालदारांनी विचारलं, "तुम्ही तिकडे स्कीइंग करायला गेला होता?" म्हटलं, बघायला. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "नुसतं बघायला? सव्वा लाख?" तक्रारीच्या अर्जात समोरच्या खात्याचा आयएफएससी कोड सक्तीचा. लिथुआनियात आयएफएससी कुठून आणू? शेवटी एका मुलाने तिथे शून्यं भरली, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. तोवर मे उजाडला होता. बँकेची तऱ्हा वेगळी. "सर, व्यवहार तुमच्या सहीने झालाय." अकरा आठवड्यांनी उत्तर आलं: लाभार्थीचं खाते बंद. दरम्यान ट्रॉन्डहाइमहून एक पत्र आलं, त्यात एकच शब्द कामाचा होता: हेनलागट. म्हणजे तपास बंद.

मी परतून, जेट लॅग काढून, मग तक्रार करायला गेलो. तीही चूकच. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी तर महिनाभर त्या बाईंना "थँक यू" लिहीत होतो.

शनिवारचं 50 मात्र पाहिलं. ओल्या, भुसभुशीत बर्फात तासन्‌तास उभं राहून. क्लेबोचं सहावं सुवर्ण, सहापैकी सहा, एका जागतिक स्पर्धेत असं आधी कोणी केलं नव्हतं. शेजारचे आजोबा रडत होते. मीही रडलो, पण माझं कारण मिश्र होतं. त्याच दिवशी स्की-जंपिंगमध्ये नॉर्वेच्याच चमूची लबाडी उघडी पडली. जंपिंगच्या सूटमध्ये छुपी शिलाई करतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि दुसरा आलेला त्यांचा लिंडविक बाद. मेव्हणा म्हणाला, "बघा भाऊजी, यांना एका दिवसात पकडलं." मेव्हण्याच्या वाट्याचे 59,336 मी परत केले. नको म्हणत होता. घेतले.

आता 2027 ची स्पर्धा स्वीडनमध्ये, फालुनला. गाव लहान, खोल्या कमी, त्यामुळे ग्रुपवर आत्तापासूनच गर्दी. पैसे द्यायचेच तर बुकिंगच्या साइटवरूनच, क्रेडिट कार्डाने. निदान वाद घालायला कोणीतरी समोर असतं. "साइटचं कमिशन वाचवू" असं कोणी म्हणालं, की गप्प बसून ब्लॉक करा.

गेल्या महिन्यात त्याच ग्रुपवर एक जाहिरात आली. फालुन, दोन बेडरूम, ट्रॅकला चालत जाता येईल असा फ्लॅट. मोठी खिडकी, लाकडी जमीन, ओट्यावर पिवळी किटली. मी रिपोर्ट केलं, सोबत तिथल्या पोलिसांचा कागद जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं: आम्ही तपासलं, या पोस्टमध्ये नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही. काल पाहिलं तेव्हा खाली चौघांनी विचारलं होतं, अजून उपलब्ध आहे का.