मेणाच्या पेंटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट कुठला, उजेड-अंधाराचा की टेक्स्चरचा?

एनकॉस्टिक म्हणजे मधमाशीचं मेण आणि डमार राळ वितळवून, रंग मिसळून केलेलं काम. समजा अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड आणि त्यावरचं ऊन काढायचंय. उजेड-अंधाराचा कॉन्ट्रास्ट धरला तर लांबूनच नजर बरोबर उन्हावर जाते, लई भारी दिसतं, फक्त गडद भागावर बिनरंगाचं साधं मेण जास्त चढवू नका, ते दुधाळ होतं आणि काळा करडा पडतो, म्हणून काळा रंग शक्यतो वरच्याच थरात ठेवायचा.

टेक्स्चरचं तसं नाही, ते जवळ गेल्यावर कळतं. एका बाजूला तापवून आरशासारखं गुळगुळीत केलेलं मेण आणि त्याला लागूनच गोणपाटाचा तुकडा किंवा खरवडलेला थर, वर तिरका उजेड पडला की रंग एकच असला तरी चित्र उठून दिसतं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सच्या १९५४-५५ च्या 'फ्लॅग' या चित्रात मेणाखाली वर्तमानपत्राचे तुकडे आहेत, ते जवळूनच दिसतात. फोटोत मात्र ही मजा निम्मी जाते.

माझं मत विचाराल तर आधी उजेड-अंधारच, मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढून बघा, त्यात चित्र सपाट दिसलं तर टेक्स्चर कितीही घाला, उपयोग नाही. आणि खरखरीतपणा एकाच जागी ठेवा, सगळीकडे केला की कॉन्ट्रास्टच उरत नाही.