ब्लॉगस्पॉटचं परीक्षण: पहिला लेख सोपा, दहावा अवघड

पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू झालेला ब्लॉग आषाढी येईतो थंडावतो. शेवटच्या लेखाच्या मथळ्यात बहुधा 'भाग १' असतं आणि खाली 'क्रमशः'. विचारलं तर उत्तर ठरलेलं: वेळ मिळत नाही, विषय सुचत नाहीत. पण अशा ब्लॉगाचा ड्राफ्टचा कप्पा उघडला की तिथे चार-पाच अर्धे लेख पडलेले दिसतात. म्हणजे विषय सुचले होते, लिहायला बसणंही झालं होतं. गाडी अडली ती लिहिणं आणि प्रसिद्ध करणं यांच्या मधल्या टप्प्यावर, आणि प्रसिद्ध केल्यानंतरच्या शांततेत. या दोन्ही ठिकाणी आपण निवडलेल्या सेवेचा हात असतो, म्हणून हे परीक्षण.

गूगलच्या या सेवेचं अधिकृत नाव ब्लॉगर, पण लोकांच्या तोंडी ब्लॉगस्पॉटच आहे. १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ती सुरू केली, २००३ मध्ये गूगलने विकत घेतली, आणि आजही ती फुकट आहे. जीमेलचं खातं असलं की नाव, पत्ता आणि थीम (ब्लॉगाच्या रंगरूपाचा तयार साचा) निवडून दहा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. इतकी सोपी सुरुवात दुसरीकडे क्वचितच मिळते. आमची कसोटी मात्र एकच आहे: नव्या माणसाला लिहितं ठेवायला ही सेवा किती मदत करते आणि कुठे आडवी येते.

पहिला अडथळा अगदी बारीक आहे, पण सगळ्यात जास्त लेख तिथेच अडकतात. बहुतेक जण वर्डमध्ये, गूगल डॉक्समध्ये किंवा मोबाइलवर लिहितात आणि मजकूर एडिटरमध्ये चिकटवतात. चिकटवताना मजकुराबरोबर मूळ ठिकाणचा फॉन्ट, आकार आणि पार्श्वभूमीचा पांढरा रंगही येतो. मग एक परिच्छेद मोठा, दुसरा बारीक, आणि गडद थीम असेल तर अक्षरांमागे पांढरे पट्टे. दुरुस्त करायला गेलं की एक ओळ सुधारते आणि दुसरी बिघडते, अर्धा तास जातो, आणि 'उद्या बघू' म्हणून लेख ड्राफ्टात राहतो. उपाय साधा आहे. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे नुसता मजकूर येतो. आधीच चिकटवला असेल तर सगळा निवडून 'क्लिअर फॉरमॅटिंग'चं बटण दाबा आणि ठळक अक्षरं, उपशीर्षकं एडिटरमध्येच नव्याने द्या. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य रोमन अक्षरं उमटतात.

दुसरी अडचण लेखाच्या पत्त्याची, म्हणजे पर्मालिंकची. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगस्पॉटला त्यातून पत्ता तयार करता येत नाही. तो सरळ 'ब्लॉग-पोस्ट' असा पत्ता देतो, आणि पुढच्या लेखांना त्यालाच आकडे जोडत जातो. दहा लेख झाले की कुठला दुवा कशाचा, हे लेखकालाही कळत नाही. उजवीकडच्या रकान्यात 'कस्टम पर्मालिंक' निवडून रोमन लिपीत दोन-तीन शब्द, मध्ये जोडरेघ देऊन, लिहावेत. हे प्रसिद्ध करण्याआधीच करायचं. एकदा लेख बाहेर पडला की तो पुन्हा ड्राफ्टात आणल्याशिवाय पत्ता बदलत नाही, आणि बदलला की आधी वाटलेले दुवे तुटतात.

वर्डप्रेस-डॉट-कॉम या ब्लॉगसाठीच्या दुसऱ्या सेवेवर याच्या उलट त्रास आहे. तिथे देवनागरी पत्ता तयार होतो, पण दुवा कॉपी केला की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यांच्या जागी टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हं येतात. पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम २२ अक्षर-मात्रा. मथळा मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर तो दुवा पाहून लोकांना व्हायरस वाटतो. थोडक्यात, मराठी लेखकाने दोन्हीकडे पत्ता हातानेच लिहायचा.

तिसरी गोष्ट वेळेची. नियमित लिहिणाऱ्याला या सेवेत सगळ्यात उपयोगाचं काही असेल तर ते 'शेड्यूल'. लेख आज लिहून ठेवायचा, 'पब्लिश्ड ऑन'मध्ये पुढची तारीख-वेळ द्यायची, की तो आपोआप बाहेर पडतो. पण नव्या ब्लॉगाची वेळ बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असते. तिथल्या हिवाळ्यात आपण साडेतेरा तास पुढे, उन्हाळ्यात साडेबारा. सकाळी ७ ला लावलेला लेख आपल्याकडे रात्री साडेआठला किंवा साडेसातला उगवतो. लेखकाला वाटतं शेड्यूल चालतच नाही, आणि तो ते वापरणं सोडून देतो. सेटिंग्जमध्ये 'फॉरमॅटिंग'खाली 'टाइम झोन' कोलकाता करा. पहिला लेख लिहिण्याआधी करायची गोष्ट हीच. त्याच बैठकीत ब्लॉगाची भाषा मराठी करून टाका, म्हणजे तारखांत महिन्यांची नावंही मराठीत दिसतील.

थीमवर फार वेळ घालवू नये. तयार थीममधले फॉन्ट मुख्यतः रोमन अक्षरांसाठी निवडलेले असतात, त्यात देवनागरी नसली की वाचकाच्या फोनमधला फॉन्ट वापरला जातो, आणि ओळींमधलं अंतर मात्रा-वेलांट्यांना अपुरं पडतं. 'कस्टमाइझ', 'ॲडव्हान्स्ड', 'ॲड सीएसएस' असं जाऊन लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.७ करा. फॉन्ट बदलायचाच असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्त' चांगला आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात जुळून येतात. यापलीकडे थीममध्ये शिरलेला माणूस तीन रविवार रंग जुळवत बसतो आणि एक ओळ लिहीत नाही.

आता प्रसिद्धीनंतरची शांतता. इथे ब्लॉगस्पॉट खरोखर कमी पडतो. पूर्वी वाचकाला आपला ईमेल देऊन ठेवता यायचा आणि नवा लेख त्याच्या टपालात जायचा. गूगलने २०२१ मध्ये फीडबर्नर या आपल्याच सेवेतली ती सोय काढली, आणि जागी काही दिलं नाही. वेगवेगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारा गूगल रीडर तर २०१३ लाच बंद झाला होता. म्हणजे आज वाचकाला लेख आवडला तरी पुढचा लेख आल्याचं त्याला ही सेवा कळवत नाही. प्रत्येक लेखाला वाचक नव्याने गोळा करायचे, हे नव्या लेखकाला दमवणारं काम आहे. वर्डप्रेस-डॉट-कॉमच्या फुकट योजनेत ईमेल-सदस्यत्व मिळतं, त्या बदल्यात तुमच्या लेखांत त्यांच्या जाहिराती दिसतात. नियमितपणासाठी आम्हाला ही सोय थीम-बिमपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

ब्लॉगस्पॉटवरच राहायचं असेल तर व्हॉट्सॲप चॅनल काढा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे, त्यामुळे यादीवर विसंबू नये. दुवा पाठवल्यावर खाली चित्र दिसावं म्हणून लेखात एक तरी फोटो हवा. दोन ओळींची माहिती दिसावी म्हणून सेटिंग्जमधल्या 'मेटा टॅग्ज'मध्ये 'सर्च डिस्क्रिप्शन' सुरू करून प्रत्येक लेखाला १५० अक्षरांच्या आत वर्णन लिहावं. ही सोय मुळात बंद असते, म्हणून कित्येकांना ती आहे हेच ठाऊक नसतं.

प्रतिक्रिया येत नाहीत ही दुसरी तक्रार. त्यात दोष कित्येकदा सेटिंगचा असतो. प्रतिक्रियेची चौकट लेखाखाली 'एम्बेडेड' ठेवली की थर्ड-पार्टी कुकी (दुसऱ्या साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) अडवणाऱ्या ब्राउझरमध्ये वाचकाला लॉग-इन होता येत नाही. तो लिहितो, बटण दाबतो, मजकूर गायब. पुन्हा कोण लिहील? 'कॉमेंट लोकेशन' बदलून 'फुल पेज' करा, आणि केवळ गूगल खातेधारकांची अट काढा. त्यामुळे कचरा येईल, त्यासाठी मॉडरेशन, म्हणजे प्रतिक्रिया तपासून मगच दाखवण्याची सोय, चालू ठेवा.

स्टॅट्सचे, म्हणजे वाचकभेटींचे, आकडे पहिले दोन महिने न बघितलेले बरे. त्यात यंत्रांच्या (बॉटच्या) भेटी मिसळलेल्या असतात, आणि स्वतःच्या भेटी वगळण्याची खूण न केल्यास त्याही. ती खूण ब्राउझरपुरती असते, फोनवर वेगळी करावी लागते. पहिल्या लेखाला शंभराचा आकडा दिसतो, चौथ्याला बारा, आणि लेखकाला वाटतं आपलं लिखाण घसरलं. प्रत्यक्षात पहिल्या शंभरात स्वतःच्या चकरा, नातेवाईक आणि बॉट होते, आणि चौथ्याचे बारा खरे वाचक असू शकतात.

पैशाचं थोडक्यात. ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगावर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा, मराठी मजकुराला चालतं. दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला टपालाने पिन येतो, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. छोट्या मराठी ब्लॉगाला तिथवर पोचायला फार काळ लागतो. पहिल्याच महिन्यात जाहिराती लावणारा माणूस रोज पैशांचे आकडे बघतो आणि त्या आकड्यांनीच खचतो.

आता वेळापत्रक, कारण सेवा कितीही चांगली असली तरी हे गणित चुकलं की ब्लॉग थांबतो. सातशे शब्दांच्या लेखाला लिहायला दोन तास, सुधारायला एक, आणि फोटो, लेबलं (लेखाला लावायच्या विषयाच्या पाट्या), पत्ता, वर्णन यांना पाऊण तास धरा. झाले पावणेचार. आठवड्याला तीन लेख ठरवले तर सव्वाअकरा तास. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून एवढा वेळ निघत नाही, आणि पहिला आठवडा चुकला की लाजेने दुसराही चुकतो. मग 'बरेच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व' असा एक लेख, आणि पुढे काहीच नाही. पंधरवड्याला एक लेख, वार ठरलेला, हे बहुतेकांना झेपतं. दिवाळी अंकाच्या लेखकाला भादव्यात संपादकाचे फोन सुरू होतात. ब्लॉगाला छापखाना मिळतो, संपादक मिळत नाही. म्हणून तारीख विचारणारा एक माणूस, मित्र, बहीण, कोणीही, मुद्दाम नेमून ठेवावा.

ब्लॉग काढल्याचं जाहीर करण्याआधी पाच लेख तयार हवेत. दोन प्रसिद्ध करायचे, तीन शेड्यूलला. पुढे शिल्लक दोनाच्या खाली जाऊ द्यायची नाही. गणपती, लग्नसराई, आजारपण यांत तीच कामी येते. आणि मालिका लिहायची असेल तर सगळे भाग लिहून झाल्यावरच 'भाग १' बाहेर काढायचा.

विषय मोठा धरणं हीही नेहमीची चूक. 'महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती' असा मथळा घेऊन बसलेला लेख संपतच नाही. त्यातली नुसती थालीपिठाची भाजणी घ्या. धान्यं आणि डाळी किती प्रमाणात, हा एक लेख. प्रत्येक धान्य वेगळं का भाजायचं, हा दुसरा. एकत्र टाकलं तर बारीक दाणा करपतो आणि जाड कच्चा राहतो. धणे-जिरे कधी घालायचे आणि दळण जाड हवं की बारीक, हा तिसरा. थालीपीठ तव्याला का चिकटतं, हा चौथा. भाजणी टिकवायची कशी, हा पाचवा. प्रत्येक लेख एका बैठकीत संपतो, आणि 'थालीपीठ तव्याला चिकटतं' असं शोधणाऱ्याला नेमका सापडतो. लेबलं मात्र सुरुवातीलाच चार-पाच ठरवून घ्या. 'पाककृती', 'पाक-कृती' आणि 'रेसिपी' ही ब्लॉगस्पॉटच्या दृष्टीने तीन वेगळी लेबलं आहेत.

स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा वेब-पत्ता) आणि विकतचं होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा) घेऊन तिथे वर्डप्रेसचं सॉफ्टवेअर स्वतः बसवावं का? पहिल्या वर्षी नाही. होस्टिंगची पहिल्या वर्षाची किंमत सवलतीची असते, दुसऱ्या वर्षीचं बिल बरंच मोठं येतं. शिवाय प्लगइन, अपडेट, सुरक्षा ही कामं लिहिण्याच्याच वेळातून जातात. पैसे भरले नाहीत की सगळे लेख दिसेनासे होतात. ब्लॉगस्पॉटला स्वतःचं डोमेन जोडता येतं, त्यासाठी डोमेन विक्रेत्याकडे दोन सी-नेम आणि चार ए-रेकॉर्ड (डोमेन ब्लॉगाकडे वळवणाऱ्या नोंदी) भरावे लागतात. पुढे डोमेन सुटलं तरी लेख जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर जागेवर राहतात. वर्षभर थांबून परत येणाऱ्या लेखकासाठी ही फार मोठी सोय आहे.

आमचा कौल असा: सुरुवातीसाठी पाचपैकी साडेचार, लेख जपून ठेवण्यासाठी चार, वाचकाला परत आणण्यासाठी दीड. ज्याला आपलं लिखाण एका जागी नीट साठवायचं आहे आणि वाचक व्हॉट्सॲपवरून आणायची तयारी आहे, त्याने बिनधास्त ब्लॉगस्पॉट घ्यावा. दर लेखाला ठरलेल्या वाचकांपर्यंत पोचलंच पाहिजे असं ज्याला वाटतं, त्याने वर्डप्रेस-डॉट-कॉमची फुकट योजना घ्यावी. ब्लॉगस्पॉट घेणाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी सेटिंग्जमधल्या 'मॅनेज ब्लॉग'खाली 'बॅक अप कंटेंट' दाबून फाइल उतरवून ठेवावी. पुढे वर्डप्रेसवर जायचं ठरलं तर हीच फाइल तिथे चढवता येते.