श्रवणयंत्राचं काम शिकायचंय: डीएचएलएस की बीएएसएलपी?

दोन्ही बारावी विज्ञाननंतर करता येतात आणि नंतर भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते. डीएचएलएस हा श्रवण, भाषा आणि वाणी या विषयांचा एका वर्षाचा डिप्लोमा. कमाई लवकर सुरू होते, पण काम ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या हाताखाली. घरची निकड असेल तर यात कमीपणा अजिबात नाही.

बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी; तिला चार वर्षं लागतात, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. जमत असेल तर माझा कौल यालाच. यंत्र कानात बसवणं हे निम्मंच काम. "भांड्यांचा आवाज डोक्यात जातो," असं आजोबा सांगतात, तेव्हा नेमका कोणता आवाज किती कमी करायचा हे स्वतः ठरवता यायला हवं. शिवाय लहान मुलांना यंत्रानंतर बोलायला शिकवावं लागतं, तेही याच पदवीत येतं. प्रवेशाआधी वांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत एकदा चौकशी कराच.