आर्टिकलशिप: गल्लीतली फर्म की बड्या नावाची?

सीए इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की पुढचा प्रश्न हाच. 2023च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली सक्तीची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोनवर आली, त्यामुळे चुकीच्या जागी घालवायला वेळच उरलेला नाही.

छोट्या फर्ममध्ये सगळंच अंगावर पडतं. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 20 ला 3बी (कर भरायचं रिटर्न), मधल्या दिवसांत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं. किराणा दुकानदार बिलं पिशवीत कोंबून आणतो आणि त्यातली काही खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या 2बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या यादीत, दिसतच नाही. मग पुरवठादाराला फोन लावा, "शेठ, तुमचं रिटर्न भरलंय का?" नोटीस आली की उत्तराचा पहिला मसुदाही बहुधा तुमच्याच गळ्यात. कायदा असा हाताखालून गेला की डोक्यात बसतो, नुसता वाचून नाही.

मोठ्या फर्ममध्ये शेअर बाजारातल्या लिस्टेड कंपन्यांचं ऑडिट, इंड-एएस (मोठ्या कंपन्यांसाठीचे हिशेबाचे नियम), रीतसर ट्रेनिंग आणि नोकरीच्या बाजारात चालणारं नाव. पण वाट्याला येणारा तुकडा लहान. महिनोन्‌महिने फक्त स्थिर मालमत्ताच तपासत बसणारी मुलं असतात. ऑडिटच्या सीझनमध्ये घरी जायला रात्र होते ती वेगळीच. (छोट्या फर्ममध्येही होते म्हणा, फक्त कॅब मिळत नाही.)

नाशिक-सांगलीत स्वतःची प्रॅक्टिस टाकायची असेल तर मी डोळे झाकून छोटी फर्म सांगेन. कॉर्पोरेट नोकरीच हवी असेल तर मोठी. कुठेही गेलात तरी मुलाखतीत स्टायपेंडच्या आधी एक विचारा: फायनलच्या अभ्यासाला रोज किती वेळ उरतो?